चौथा रकाना

आमचा गिझर न्हाणीबाहेर, बोळातल्या भिंतीवर.
त्याच्या बटणाच्या एका टोकाला सूर्य,
दुसऱ्याला सहा टोकांचं बर्फ,
अनगोळात कधीच न पडलेलं.
मधे काही नाही.
कंपनीला मधले ऋतू ठाऊक नसावेत.

मामांनी तिथे रेड ऑक्साईडच्या सात खुणा केल्या,
उद्यमबागेत एकतीस वर्षं पॅटर्न कोरलेल्या हातानं,
केसाएवढ्या बारीक.
खिडकीच्या गजाला बाहेरून थर्मामीटर बांधला
आणि वहीत रकाने आखले:
तारीख, बाहेर, खूण.

"पाणी नळातनं येतंय असं वाटतंय तुला," म्हणायचे,
"रात्रीतनं येतंय ते.
टाकी रातभर गच्चीवर जागी असत्या."

खानापूरकडचं वारं असलं तर
एकोणीसलासुद्धा पाच. ओलं वारं खोटं बोलतं.
गोकाककडचं कोरडं सुटलं
तर चौदा म्हणजे चौदाच, साडेचार पुरे.
फेब्रुवारीवर मात्र त्यांचा राग.
सकाळी स्वेटर, दहाला पंखा,
"ह्या महिन्याला साचाच बसत नाही."
आणि बटण गर्रकन फिरवायचं नाही.
अर्धी खूण. थांबायचं. बादलीत कोपर घालून बघायचं.
ओतीव निवायच्या आधी पेटी उघडणारी पोरं
त्यांनी फौंड्रीत रडवली होती.

गेल्या दिवाळीनंतर उजवं अंग गेलं. शब्दही गेले.
आता कॉटवरून खिडकीबाहेर बघतात
आणि डाव्या हाताची बोटं वर करतात.
चार, आणि एक अर्धं दुमडलेलं:
साडेचार.

हुक्केरीचा इराण्णा आला होता पाइप बदलायला.
"सेन्सरवालं तगोळ्री अक्का,
हवा बघून आपणच फिरतंय बटण."
मामांनी ऐकलं.
मूठ मिटली.

त्या रात्री मी जुन्या वह्या काढल्या.
एक चौथा रकाना होता, वर नाव नसलेला.
त्यात खुणेपेक्षा नेहमी एक जास्त.
चार तिथे पाच. तीन तिथे चार. मे महिन्यातसुद्धा.
आत्तींना गार सोसत नव्हतं, हे आत्ता कळतंय.
त्या कधी बोलल्या नाहीत.
"मी जातो न्हायला," एवढंच म्हणायच्या,
टॉवेल खांद्यावर टाकून.

एका श्रावणात तो रकाना थांबतो.
पुढे पानंच्या पानं कोरा,
पण आखलेला. दर पानाला पट्टी लावून आखलेला.

मग तीन वर्षांनी, जानेवारीत,
पुन्हा आकडे. चाळीस दिवस.
बाहेर तेरा, खूण पाच, शेजारी सात.
ईश्वरी तेव्हा नऊ दिवसांची होती.
मला वाटायचं, ह्या घरात पाणीच असं येतं.

आज बाहेर सोळा.
पलीकडच्या टेंपोची ताडपत्री फडफडतेय,
म्हणजे खानापूरचं वारं.
मामांनी पाच बोटं दाखवली,
जरा विचार करून अंगठा अर्धा मिटला,
परत उघडला.

त्यांच्या उजव्या अंगाला कढत कळत नाही,
म्हणून पहिला तांब्या डाव्या खांद्यावर.
दंडावर काटा आला.
मी बोळात जाऊन बटण अर्धी खूण पुढे नेलं,
थांबले,
अजून अर्धी.
गिझर भक्क करून पेटला.
दुसऱ्या तांब्याला त्यांनी डोळे मिटले.

वहीला बांधलेली पेन्सिल संपलीय,
ईश्वरीच्या दप्तरातली घेतली, टोक चावलेली.
तारीख. सोळा. पाच.
आणि शेजारी, ओल्या हातानं, सहा.
आकडा जरा पसरला.